डब्यात डोकावणारे डॉक्टरकाका

नाडी बघण्याआधी आमचे डॉक्टरकाका माणसाचा डबा बघत. छातीत जळजळते म्हणून ऑफिसला जाता जाता कोणी त्यांच्या नौपाड्यातल्या दवाखान्यात शिरला, की ते आधी त्याचा डबा उघडायला लावत. लोणचं, पापड, तळलेली मिरची शांतपणे बाजूला काढत आणि म्हणत, "भाजी छान आहे. बाकीचं मी ठेवून घेतो." हृदयाची निम्मी काळजी स्वयंपाकघरातच घेतली जाते, यावर त्यांचा ठाम विश्वास होता.

पण न झेपणारं असं ते काही सांगत नसत. आमचं घर मूळचं कोकणातलं. मासे सोडा, असं ते कधी म्हणाले नाहीत. "तळू नका, कालवण करा," एवढंच. जेवणाच्या टेबलावरची मिठाची बाटली त्यांनी आईला ओट्यावर ठेवायला सांगितली. "उठून घ्यावं लागलं की माणूस कमी घेतो." बाबांची सिगारेट मात्र त्यांनी पूर्ण बंद करायला लावली. तिथे तडजोड नव्हती.

निवृत्त झाल्यावर बाबा कुठल्याशा हॉलमधलं आरोग्यावरचं व्याख्यान ऐकून आले आणि घरात बाटल्या येऊ लागल्या. लसणाच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या गोळ्या, कसलीशी हिरवी पावडर. त्यांच्या भरवशावर बाबांनी ब्लडप्रेशरची गोळी कोणाला न सांगता बंद केली. ते कळल्यावर मी त्यांना बाटल्यांसकट दवाखान्यात नेलं. काकांनी आधी ब्लडप्रेशर मोजलं. आकडा बराच चढलेला होता. मग एकेका बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत बसले.

"हे सगळं नैसर्गिक आहे," बाबा म्हणाले.

"धोतऱ्याचं बीसुद्धा नैसर्गिकच असतं. तपासणीत काही कमी निघालं तर यातली गोळी मीच लिहून देईन. पण ब्लडप्रेशरची गोळी थांबवा, असं यावर कुठे लिहिलंय ते दाखवा मला."

गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर वर्षभरातच काकांना स्वतःला हार्ट अटॅक आला. समोर पेशंट बसलेला असताना त्यांना दरदरून घाम फुटला, डावा हात जड झाला. "आता तुम्ही मला पोचवा," असं त्या पेशंटलाच सांगून ते त्याच्याबरोबर रिक्षाने जवळच्या हॉस्पिटलात गेले. बायपास झाली. एवढं जपून काय मिळालं, असं नौपाड्यात लोक बोलू लागले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा बाबांनी ते तोंडावरच विचारलं.

काका हसले. "माझे वडील आणि दोन्ही काका पन्नाशीच्या आत गेले. मी सत्तरी ओलांडली. मधली वर्षं मला फुकट मिळाली नाहीत हो. आणि घाम फुटल्यावर ॲसिडिटी समजून मी घरी पडून राहिलो नाही, म्हणून आता तुमच्याशी बोलतोय."

दुसऱ्या दिवसापासून बाबा सकाळी तलावपाळीवर चालायला जाऊ लागले.

त्यानंतरही काकांनी काही वर्षं दवाखाना चालवला. बंद करायच्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा बाबांनी विचारलं, "आता मी कोणाकडे जायचं?"

"चांगला कोणीही डॉक्टर चालेल. फक्त त्याच्यापासून काही लपवू नका."

काका गेल्या वर्षी झोपेतच गेले. आम्ही आता घोडबंदर रोडला राहतो. परवा बाबांना इथल्या तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या कॉम्प्युटर सुरू करत होत्या, तेवढ्यात बाबा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "रविवारी लग्नात तीन जिलब्या खाल्ल्या, आणि सोमवारची गोळी विसरलो. आता तपासा."