पोत्याला मान नसते

तेपितो वस्तीतल्या तालमीत मी हयातभर बॉक्सरांच्या हातांना पट्ट्या बांधल्या. तोंडं विसरतो मी, हात नाही. आता अबुंदियो सेपेदाचंच ऐका. सगळी गल्ली त्याला ‘घण’ म्हणायची. बचाव असा तो कधी शिकलाच नाही. डावा ठोसा बरगडीखाली बसला की समोरचा गुडघ्यावर यायचा, मग शिकायचं कशाला?

त्यातली गोम अशी, की घण मुळात अंगाने मोठा. वजन व्हायच्या आधी वाफेच्या न्हाणीत बसून स्वतःला सुकवायचा आणि हलक्या वजनाच्या गटात शिरायचा. काट्यावरून उतरला की बायको कूका पातेलंभर पान्सिता घेऊन उभीच. पोटाच्या मांसाचा तो झणझणीत रस्सा पिऊन दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये उतरायचा तो थोराड होऊन. समोर चिमणी, हा बोका!

पण एकदा तो न्हाणीतच आडवा झाला. उस्ताद निकानोर म्हणाले, “बस झालं सुकणं. दोन गट वर जाऊ. पोटभर खा, ठोसा दुप्पट होईल.”

घण खूश! गोड पाव खायचा आणि पोत्याला असा हाणायचा की पोतं छताला लागायचं.

“बघा आजोबा, तोफ!”

“पोत्याला मान नसते रे बाळा,” मी म्हणालो.

“जळताय तुम्ही. पाव चावायला दात नाहीत ना!”

लढतीच्या दिवशी मी पट्टी बांधायला घेतली. दंड भरले होते, गाल भरले होते. पट्टीचं टोक मात्र मनगटाच्या नेहमीच्याच हाडावर येऊन संपलं. वाढलेल्या वजनातलं तोळाभरही मुठीत उतरलं नव्हतं.

कूका दारात उभी होती. “याच्याशी लढणारा तो सोनोरा प्रांताचा गडी काल काट्यावर मढं दिसत होता. आज दारातून तिरका होऊन आत आला.”

म्हणजे घणाची जुनी युक्ती आता समोरच्याने केली होती. आज चिमणी कोण, ते कळलं मला.

“तो पडलाच नाही तर?” कूकाने नवऱ्याला विचारलं. “ठोसे खाऊन खाऊन माझ्या भावाचं काय झालं? अजून चमच्याने भरवते त्याला. दुसरा नाही भरवणार मी.”

“पडेल गं.”

तिसऱ्या फेरीत डावा बसला. असा बसला, की शेवटच्या बाकावर आवाज गेला. सोनोराच्या गड्याने बरगडीकडे पाहिलं, माशी बसल्यासारखं. मग हसला. आणि मग सुरू झाला.

घंटा झाली तेव्हा घणाचा एक डोळा मिटला होता. उस्ताद ओरडत होते, “एकच बसव! एकच!” टॉवेल त्यांच्या खांद्यावर तसाच. तेपितोत टॉवेल फेकून हार मानणं म्हणजे नाक कापून घेणं.

घण माझ्याकडे वळला. “आजोबा, कूकाचा भाऊ... नाव काय हो त्याचं?”

रोज शेजारी बसून जेवायचे घण आणि हा मेव्हणा. आपण काय विचारलं, ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. दोन्ही ग्लोव्ह माझ्यापुढे धरले.

“कापा.”

मी नाड्या कापून ग्लोव्ह उतरवले; लढत सोडली त्याने. लोक “भित्री कोंबडी! कोंबडी!” ओरडत होते. उस्ताद पाठ फिरवून उभे.

घरी कूकाने पान्सिता वाढलं. चमचा त्याने स्वतःच धरला. जरा हलत होता. रस्सा निवला, तरी कूका त्या चमच्याकडेच बघत बसली होती.