जोडलेली पानं

निजामाच्या अमलात मंठाळच्या आमच्या वाचन मंडळात कादंबरीची एकच प्रत यायची, सोलापुराहून, कापडाच्या गठ्ठ्यात लपवून. ती घरोघर फिरायची, कारकुनाकडं सगळ्यात शेवटी. मग शुक्रवारी गुरुजींच्या ओसरीवर मतं द्यायची. गुरुजी म्हणतील तेच आमचं मत.

कचेरीतला हा कारकून तेवढा कधी मत देत नसे. सुपारी कातरत बसायचा आणि एकेकाला विचारायचा, "व्हय अण्णा, कोणत्या पानावर वाटलं तुमाला असं?" हा आमची नावं पोलिसांच्या अमीनसाहेबांना पोचवतो, याबद्दल मला शंकाच नव्हती. त्याच्यासमोर मी जपूनच बोलायचो.

त्या शुक्रवारी गुरुजी म्हणाले, "शेवट वाचून डोळे भरले." आम्हा चौघांचेही भरले होते.

कारकुनानं अडकित्ता खाली ठेवला. पिशवीतून पुस्तक काढलं, खिशातून चाकू काढला आणि छापखान्यातून जोडलेलीच आलेली शेवटची पानं सावकाश कापायला लागला.

"थांबा जरा," तो म्हणाला. "मला बी रडायचंय."

त्यानं तिथंच शेवट वाचला. कुणी उठेना. डोळे त्याचे कोरडेच राहिले.

अमीनसाहेबांपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटायला लागली.