मधली ओळ

चष्म्यांच्या दुकानात तिला सगळे ‘गाणाऱ्या बाई’ म्हणत. एकतीस वर्षं तिने तिथे लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवल्या, दांड्या गरम करून वाकवल्या, काचा पुसून दिल्या. एखादं जुनं गिऱ्हाईक लाडात यायचं. “बाई, होऊन जाऊ दे एखादं!” ती भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवायची. “आधी सगळ्यात खालची ओळ वाचून दाखवा. मग गाते.” ती कोणालाच वाचता यायची नाही. गाणं टळायचं.

त्याआधी ती खरोखरच गायची. एका हॉटेलात, पियानो, बास आणि ड्रमवाल्यांबरोबर, जॅझ. तिशीच्या आत तिच्या दोन रेकॉर्डी निघाल्या. पहिलीवर जॅझ गाणाऱ्या प्रत्येकाला गावीच लागतात अशी जुनी गाणी. दुसरीवर त्या काळी रेडिओवर दिवसभर वाजणारी पॉप गाणी, पण तिच्या पद्धतीने, संथ, ठेक्याच्या जरा मागे रेंगाळत म्हटलेली. दोन्ही फारशा खपल्या नाहीत. कंपनी बुडाली. तिने दुकान धरलं.

एक ओळ मात्र मागे राहिली. पहिल्या रेकॉर्डीतल्या एका विरहाच्या गाण्यात मध्यावर आवाज वर चढतो, तिथे थांबतो आणि मग अलगद, जसं कोणी झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा, उतरतो. चाहते मूठभर, पण सगळे त्या ओळीचे. रेकॉर्डिंगच्या दिवशी काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट बाहेर येऊन म्हणाला होता, “चौथ्या टेकला आली बघा. अशी ओळ गाणारीशी माणसाने डोळे मिटून लग्न करावं.” सगळे हसले होते. वर्षाच्या आत त्याने ते केलंही.

चाळीस वर्षांनी एका छोट्या कंपनीने दोन्ही रेकॉर्डी नव्याने काढल्या. मूळ टेपवरून, खरखर काढून, स्वच्छ. रेकॉर्डीच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी छोटा कार्यक्रम ठरला. तिने ते एकच गाणं गायचं होतं, आणि ती ओळ कशी सापडली ते सांगायचं होतं. ती महिनाभर रियाज करत होती. वरचा स्वर अजून लागत होता. त्याचा तिला केवढा अभिमान!

गुरुवारी सकाळी पार्सल आलं. रेकॉर्डीबरोबर सीडीही होती. तिने हेडफोन लावले. स्वतःचं गाणं ऐकायचा तिला कंटाळा. पूर्वीही एक-दोनदाच ऐकलेलं. मधली ओळ आली. ओळीच्या आधी श्वास. त्या श्वासात बारीक शिट्टी.

तिने मागे घेऊन पुन्हा ऐकलं. मग पुन्हा.

ती शिट्टी तिला पाठ होती. सोळा वर्षं एका पलंगावर कानाशी ऐकलेली. धाकट्या बहिणीचा दमा.

दोघींचे आवाज इतके सारखे की फोनवर आईही फसायची. म्हणूनच स्टुडिओत सकाळी माइक लावताना धाकटी उभी राहायची, ताईचा गळा वाचावा म्हणून. साथीदार वाजवायचे, ती एकदा गाणं म्हणून टाकायची आणि कोपऱ्यात स्वेटर विणत बसायची. टेप मात्र चालू असायची.

नवरा स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होता. आता त्याला ऐकायला कमी येतं. तिने हेडफोन त्याच्यापुढे ठेवले.

“मधली ओळ कोणाची आहे?”

त्याने हेडफोनला हातही लावला नाही. तेवढ्यावरून तिला कळलं.

“तुझा गळा बसला होता,” तो म्हणाला. “सहाला स्टुडिओ रिकामा करायचा होता. चारही वेळा वर जाऊन फाटला आवाज. मग सकाळच्या टेपमधली तेवढी ओळ कापली न् जोडली. ब्लेडने. जोड कोणाला सापडला का कधी? सांग ना, सापडला?”

“तुम्ही म्हणालात, चौथ्या टेकला आली.”

“जेवली नव्हतीस दोन दिवस तू. काय सांगायचं होतं?”

“आणि लग्नाचं म्हणालात ते?”

“काय?” त्याने कानामागे हात नेला. खरंच ऐकू आलं नाही की काय, ते तिला ठरवता येईना. एक वाटाणा घरंगळत तिच्या पायाशी आला. तिने तो उचलून भांड्यात टाकला.

धाकटीला फोन केला तेव्हा दुपार झाली होती.

“तुला माहीत होतं?”

तिकडून आधी तीच बारीक शिट्टी आली.

“रेकॉर्ड आली त्याच दिवशी कळलं गं. मला वाटलं, तुलाही कळलं असेल. मग तू बोलली नाहीस, म्हटलं जाऊ दे.”

“मी शिकवायचे ती ओळ तुला. तुझ्या पोरांच्या वाढदिवसाला, चारचौघांत. ‘अशी नाही गं, खालून उचल’ म्हणायचे.”

“हो.”

“आणि तू उचलायचीस.”

“तू ताई आहेस,” धाकटी म्हणाली. “काय करणार होते? म्हणणार होते, अगं, ही माझीच आहे?”

“हो. तेच म्हणायचं.”

तिने फोन ठेवला. त्या दिवशी तिने रियाज केला नाही. शुक्रवारीही नाही.

शनिवारी ती गेली. दुकान चिंचोळं, कपाटं सरकवून चाळीस खुर्च्या मांडलेल्या. नवरा पहिल्या रांगेत, धाकटी तिसऱ्या. दुकानदार म्हणाला, “बाई, ही ओळ तुम्हाला सापडली कशी, ते आधी सांगा.”

“आधी गाते,” ती म्हणाली.

पियानोवाला तरुण होता. गाणं सुरू झालं. आवाज खरखरीत झाला होता, पण सांभाळलेला. ओळ जवळ आली. तिने धाकटीकडे पाहिलं आणि हात पुढे केला, घे, म्हणावं तसा. धाकटीने तोंड उघडलं, पण श्वासच वर येईना. मग तिने मान खाली घातली.

बाईंनी ओठ मिटले. पियानोवाला गोंधळला, पण थांबला नाही. चार मात्रा, आठ मात्रा, नुसती रिकामी जागा आणि खाली त्याची बोटं. पुढच्या ओळीला ती परत आली आणि गाणं नीट संपवलं.

लोक उभे राहिले. दुकानदाराचे डोळे भरून आले होते. “काय जागा सोडलीत बाई! ओळ न गाता गायलात. हे फक्त तुम्हालाच जमतं.”

तिला सगळं सांगायचं होतं. कोणाची ओळ, कोणी कापली, सगळं. ती माइककडे वळली.

“ती ओळ माझी नाही,” ती म्हणाली.

“खरंय,” दुकानदार हात जोडून म्हणाला, “ती आता आम्हा सगळ्यांची आहे!”

पुन्हा टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतला म्हातारा सगळ्यांचं पाहून सर्वांत जोरात वाजवत होता.

सह्या घ्यायला रांग लागली. धाकटी शेवटी उभी होती, हातात दोन्ही रेकॉर्डी. तिची पाळी आली तेव्हा बाईंनी पेन तिच्या हातात दिलं. धाकटीने ते टेबलावर ठेवलं.

बाहेर नवरा कोट घेऊन उभा होता. “काय म्हणालीस शेवटी? मला नीट ऐकू आलं नाही. मधली ओळ बरी झाली ना?”

चाळीस वर्षांत तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

“तूच सांग,” ती म्हणाली, आणि कोट न घेता बसथांब्याकडे चालू लागली.