सोनेरी काठाचा कप

"साहेबाचे कप तिच्यासाठीच ठेवलेत, वन्सं. चिनीमातीला काही चिकटून राहत नाही."

स्वयंपाकघरात सुलभाची आई पाहुण्या आलेल्या नणंदेला समजावत होती. बाहेरच्या खोलीत सुलभा आणि मी. माझ्या हातात तोच कप. गरम कॉफी, वर जायफळ.

दौंडच्या रेल्वे कॉलनीतला बंगला. इंग्रज साहेब विलायतेला परतताना सामान विकून गेला, त्यातले हे कप. निळी फुलं, सोनेरी काठ. इतके पातळ, की उजेडात धरले तर पलीकडची बोटं दिसायची. पाचवीपासून मी यातच प्यायले. घरचे सगळे स्टीलच्या पेल्यातून प्यायचे. शेजारीण आली तरी पेलाच. आम्ही बौद्ध, हे काकूंना, म्हणजे सुलभाच्या आईला, पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मला वाटायचं, हे माझं कौतुक. पिऊन झालं की म्हणायच्या, "तुझा हात हलका गं, तूच विसळ." मी अंगणातल्या नळावर विसळायचे. खूश होऊन.

मांडवगणला माझ्या आत्याला पाटलाच्या वळचणीला खोचलेल्या, कान तुटलेल्या कपात चहा मिळायचा. माझं ऐकून ती आळीभर सांगत सुटली होती, "आमची पोरगी साहेबाच्या कपात पिती. पाटलाच्या बापानं तरी बघितला व्हता का?"

दोन्ही कप एकच.

"तुला माहीत होतं?" मी इंग्रजीत विचारलं. शाळेपासून आम्ही आपसात इंग्रजीच बोलायचो.

सुलभा आपल्या पेल्यात बघत राहिली. "आईचं जुनं आहे गं सगळं. आणि तुला तर चांगला कप मिळतो ना?"

ती आमच्या क्वार्टरवर यायची तेव्हा तिचं पोट नेहमी भरलेलं. भर उन्हाळ्यात तहानही नसायची. तेही मी खरं मानलं. माझ्या वह्या मात्र चालायच्या. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडणंही चालायचं.

काकू दारात आल्या. "का गं, गार करतेयस?"

भरलेला कप मी खाली ठेवला. उत्तर येत असूनही वर्गात कधी हात वर केला नव्हता मी. उभी राहिले. मराठीत बोलले, आतल्या पाहुणीलाही ऐकू जाईल असं.

"सुलभा, रविवारी आमच्याकडे ये. माझ्या आईनं केलेला चहा तिच्यासमोर पी. तेवढं जमत नसेल, तर यापुढे मला हाक मारू नकोस."