न उलटलेलं पान

दिघ्यातल्या आमच्या वस्तीच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. कित्येक वर्षं ते मारोती खिल्लारे करतात. मूळचे हिंगोलीकडचे, इथे एका कंपनीत पॅकिंगला. शिक्षण सातवीपर्यंत, पण आवाज असा, की भाजी निवडता निवडता ऐकणाऱ्या बायकांचे हात थांबतात.

यंदा श्रावणात वस्तीत डेंग्यू शिरला. मारोतीभाऊही तापले. प्लेटलेट उतरल्या, मग चढल्या. त्यांच्या बायकोनं, शर्मिलावहिनींनी, पपईच्या पानांचा रस पाजला, शेजाऱ्यांनी किवी आणले. रिपोर्ट चांगला आला, तेव्हा आजार संपला असं सगळ्यांनी धरलं आणि भाऊ पुन्हा ग्रंथाच्या चौरंगासमोर येऊन बसले.

मी समोरच बसत असे. आवाज जरा खोल गेला होता, एवढंच. एका संध्याकाळी वहिनी मध्येच म्हणाल्या, "अहो, पान उलटा की! कव्हापासून तेच हाय."

बायका हसल्या. भाऊही हसले. त्यांनी पान उलटलं. दोन पानं एकदम उलटली. वाचन मात्र न अडखळता मागचंच पुढे चालू राहिलं. वहिनी चौथी शिकलेल्या. त्यांनी वाकून पुस्तकात पाहिलं आणि परत जागेवर टेकल्या.

विहार रिकामा होऊन आम्ही तिघंच उरलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमी वाचत न्हाई. खरं सांगा."

"डोळ्यापुढं डाग हाय," भाऊ म्हणाले. "मधोमध. ज्या अक्षराकडं बघावं तेच जातं. कडंचं दिसतं."

"कव्हापासून?"

"ताप उतरला तव्हापासून. वाटलं, अशक्तपणा हाय, जाईल. सगळं पाठ हाय, पौर्णिमेपर्यंत निभवीन म्हटलं."

"निभवतो म्हणं! परीक्षा होती का तुमची?"

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर इस्पितळात गेलो. डोळ्यांत थेंब, मग बाकावर थांबणं, मग पडद्याचे फोटो, पुन्हा थांबणं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, की डेंग्यूत ताप उतरता उतरता कधी कधी डोळ्याच्या पडद्याला सूज येते, बारीक रक्तस्राव होतो. बऱ्याच जणांचं हळूहळू सुधारतं, काहींचं थोडं राहून जातं. "डाग दिसला त्याच दिवशी यायचं होतं, काका." भाऊंनी मान हलवली.

गोळ्या झाल्या, फेऱ्या झाल्या. डाग पुसट झाला, गेला नाही. पाठ आहे तर म्हणा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. "लोक वाचन ऐकाया येतात," एवढंच ते म्हणाले, आणि भिंतीला टेकून बसू लागले. चौरंगासमोर वहिनी बसल्या. जोडाक्षराला अडायच्या, मागे वळून पाहायच्या. भाऊ डोळे मिटून थांबायचे. शब्द सांगायचे नाहीत. बायका मेथी निवडत राहायच्या.

आश्विन पौर्णिमेला ग्रंथ संपला. आम्ही तिघं गल्लीतून परतत होतो.

"शेवटच्या पानावर तू एक ओळ वाचलीस," भाऊ म्हणाले, "ती मला पाठ न्हाई."

"मग मी काय मनानं वाचली?"

"तसं न्हाई. मीच गाळीत असन दरसाली. शेवटाला दमायला होतं."

 वहिनींनी भाऊंचा दंड धरून त्यांना बाजूला घेतलं. गटाराचं झाकण उघडं होतं, अगदी त्यांच्या समोर.