दोघींनी जायचं

आमच्या भांडुपच्या चाळीत गणपतीत घरोघरी मोदकांची ताटं जायची आणि ती पोहोचवायचं काम मुलींचं असे. तळमजल्यावरच्या काकांकडे मात्र दोघींनी जायचं, हे प्रत्येक आई बजावायची. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, ताट ठेवायचं आणि मागे फिरायचं. का, ते कुणी सांगत नसे. मला ते नवव्या वर्षी कळलं. माझी जोडीदारीण तापाने पडली होती आणि मी शहाणपणा करून एकटीच गेले. घरी येऊन सांगितलं, तर आईने आधी माझ्याच पाठीत धपाटा घातला आणि मग रडत बसली.

हे काका चाळीच्या गणपती मंडळाचे संस्थापक. पुढे चाळ पडली, त्याच जागी टॉवर उभा राहिला, आम्ही जुने चाळकरी त्यात राहायला आलो, काका गेले आणि सोसायटीच्या ऑफिसात त्यांचा फोटो लागला. दर गणपतीत त्याला ताजा हार.

मागच्या वर्षी चौथ्या मजल्यावरच्या मावशींचा मुलगा सात वर्षं तुरुंगात काढून परत आला. सोबत काम करणाऱ्या बाईवर त्याने जबरदस्ती केली होती. गुन्हा शाबीत झाला, शिक्षा भोगून झाली. मावशी पंचाहत्तरीच्या, गुडघ्यांनी अधू. कमिटीने पत्र तयार केलं: मुलाला बाहेर काढा, नाहीतर घर विकून जा. खाली सगळ्यांनी सह्या करायच्या होत्या.

मीटिंगला ऑफिस गच्च भरलं. ज्या बाईचं आयुष्य त्याने नासवलं, तिचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. फ्लॅटचे भाव पडतील का, हे तिघांनी विचारलं. मावशी एवढंच म्हणाल्या, "मी खंय जाव आता?" कागद फिरत माझ्याकडे आला.

मला त्या मुलाची कीव आली नव्हती, आजही येत नाही. तो सुधारलाय असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण इथून हुसकावला की तो कुठेतरी लांब खोली घेणार आणि तिथे त्याला ओळखणारं कुणी नसणार. तिथल्या मुली कुणाच्याच नाहीत का? मी हे बोलले, तर सेक्रेटरी म्हणाला, काकू, तुम्हाला मुलगी नाही म्हणून हे सुचतंय.

माझं डोकंच सटकलं.

"सही करते. आधी तो फोटो उतरव."

"मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, काकू."

"जिवंत होता तेव्हा बोलू दिलं नाहीत. मग बोलायचं कधी रे?"

मी मागे वळून माझ्यासोबत चाळीत वाढलेल्या बायकांना विचारलं, दोघींनी जायचं, आठवतंय ना?  त्या वर्षी तापाने पडलेली माझी जोडीदारीण उठली, तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि फोटो काढून टेबलावर पालथा ठेवला. तिच्यामागोमाग चार बायकांनी आपल्या सह्या खोडल्या. माझी सही मग कुणी मागितलीच नाही, पत्र तिथेच अडलं. निम्म्या बिल्डिंगने माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू देत.

दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या घरी जाऊन त्यांच्यादेखत मुलाला सांगितलं. लिफ्टमध्ये एकटी मुलगी किंवा बाई असली तर तू जिन्याने जायचं. गणपतीत ताट आलं की दार आई उघडेल, तू आतल्या खोलीत. तो मान खाली घालून म्हणाला, चालेल. मी म्हटलं, मी विचारत नाहीये.

यंदा शेजारची नऊ वर्षांची मुलगी चौथ्या मजल्यावर ताट घेऊन निघाली. मी तिच्यासोबत गेले. मावशी गुडघे धरत दाराशी आल्या, आतल्या खोलीचं दार बंद होतं. मोदक पाहून मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं.

परतताना मुलीने विचारलं, मी एकटीने का नाही यायचं?

मी जिन्यातच बसले, तिलाही शेजारी बसवलं आणि का ते सांगितलं.