पायाळूची कंबर

इंझोरीत कोणाची कंबर धरली की तो माणूस आधी मनकर्णाबाईच्या ओसरीवर येतो, डॉक्टरकडे नंतर. एक हात मागं कंबरेवर, मान पुढं, चाल खेकड्यासारखी तिरपी. आल्या आल्या त्याला काही विचारायची गरज नसते.

मनकर्णाबाई पायाळू. साठ-बासष्ट वर्षांपूर्वी आईच्या पोटातून ती पायाकडून आली, आणि सुइणीनं तिथंच सांगून टाकलं, की पोरीच्या पायात गुण आहे. पायाळू माणसाचा पाय लागला की कंबरेतली उसण उतरते, ही इकडची जुनी समजूत. रीतही ठरलेली. सकाळी चूळ भरायच्या आधी ओसरीवर पालथं पडायचं. मनकर्णाबाई उजव्या पायावर उभी राहते, हात भिंतीला टेकवते आणि डावा पाय तीनदा कंबरेला लावते. बोलायचं नाही. काही द्यायचं नाही, निघताना चहासुद्धा विचारायचा नाही.

"पाय देवानं फुकटात देल्ला," ती म्हणायची, "त्याचा भाव मी कायले करू?"

लग्न होऊन आली तेव्हापासूनची चाळीस-बेचाळीस वर्षं अशीच गेली. गावात तिच्यापेक्षा मोठं वावर असलेल्या बाया होत्या, शिकलेल्या होत्या. पण पाटलापासून पोलिसापर्यंत सगळे पालथे पडलेले पाहिलेली बाई ती एकच.

मागच्या सोयाबीनच्या सोंगणीत विळ्यानं कापत ओळ संपवून ती उठायला गेली आणि अर्ध्यातच थांबली. कंबरेतून कळ निघाली ती थेट ढुंगणापर्यंत. ज्योत्स्नानं, म्हणजे सुनेनं, धरून बांधावर बसवलं. चार दिवस शेक झाला, तेल झालं. मग पंचाईत समोर आली. सगळ्या गावाला पाय लावणारीच्या कंबरेला पाय कोणी लावायचा? आपला पाय आपल्या कंबरेला पोचत नाही.

मुलगा विनोद शेलूबाजारच्या रस्त्यावर जीप चालवतो. त्यानं चौकशी करून एका तांड्यावरून दुसरा पायाळू आणला, हरिसिंग. हा गडी नव्वद किलोचा, आणि त्याचे स्वतःचेच गुडघे दुखत होते.

"फक्त लाव बरं, हरिसिंग," पालथी पडलेली मनकर्णाबाई म्हणाली. "उभा नको राहू."

"फिकीर नको करू माय," तो म्हणाला. पहिल्यांदा पाय लावला, दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्या वेळेस गुडघ्यानं दगा दिला आणि सगळा हरिसिंग त्या एका पायावर आला.

नंतर आठ दिवस तिला कूस बदलता आली नाही. तरी हसायची. "चाळीस वर्षं लोकाईवर पाय ठेवला, पन खालच्याले काय दिसते थे आता कयलं."

हसणं फार दिवस टिकलं नाही. तीन महिने झाले तरी दुखणं हलेना. विनोदनं वाशीमला नेऊन एमआरआय काढला. हातात आलं ते दोन पानांचं इंग्रजी. डॉक्टरकडे गर्दी होती. त्यांनी गोळ्या लिहिल्या, कंबरेचा पट्टा लिहिला, "जड उचलू नका, वाकू नका" म्हणाले आणि पुढच्याला बोलावलं.

ज्योत्स्ना बारावी झालेली. घरी येऊन ती मोबाइल घेऊन बसली आणि एकेक शब्द त्यात टाकू लागली. डिजनरेटिव टाकलं, तर मोबाइलनं सांगितलं, अधःपतन करणारे.

"अधःपतन म्हंजे काय वं?" सासूनं विचारलं.

"म्हंजे... बिघडत जानं. वाया जानं."

"माहे मनके वाया गेले?"

"तसंच लिहून राह्यलं थे."

डिस्क बल्ज टाकलं. मोबाइलनं एक चित्र दाखवलं, त्यात लाल रंगाचं काहीतरी फुटून बाहेर आलेलं. ज्योत्स्नानं मोबाइल पालथा घातला. दुसरं पान वाचायची तिची हिंमत झाली नाही. संध्याकाळी शेजारपाजारच्या बाया आल्या आणि उरलेलं त्यांनी पूर्ण केलं. मणक्यात गॅप पडला. गॅप पडला म्हणजे मणका कधी निसटेल नेम नाही. एकीच्या मामेसासऱ्याचं असंच होतं, बादली उचलायला वाकला आणि पाय गेले.

त्या दिवसापासून मनकर्णाबाईनं बाज धरली. पट्टा आवळायचा, छताकडं पाहायचं, उठायचं ते परसाकडेपुरतं. खालची चप्पलसुद्धा ज्योत्स्नानं सरकवून द्यायची. पौष गेला, माघ गेला. मांड्या काटकीसारख्या झाल्या.

एक दिवस सकाळी शेतमजुरी करणारी एक बाई उसण भरून आली. तिला नाही कसं म्हणायचं, म्हणून मनकर्णाबाई उठली. भिंत धरली, डावा पाय उचलला. उजवा पाय लटलट कापायला लागला आणि ती भिंतीवरून घसरत खाली बसली. पालथी पडलेली बाई मुकाट्यानं उठली, "राहू द्या आत्याबाई" म्हणाली आणि तशीच तिरपी चालत घरी गेली.

त्या दिवशी मनकर्णाबाई जेवली नाही. ज्योत्स्नानं ताट पुढं केलं तेव्हा एवढंच म्हणाली, "एका पायावर उभी राहू शकत नाई थे पायाळू कायची? मी आता कोनाच्या काय कामाची?"

ज्योत्स्नाला ते लागलं. कंबर दुखण्यावर तिच्याकडे उपाय नव्हता, पण हे बोलणं ती ऐकून घेणार नव्हती. गावातल्या आशा सेविकेकडून कळलं की तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून दोनदा कसरत शिकवणारी मॅडम येते. विनोदच्या जीपमध्ये मागच्या बाकावर गादी टाकून तिनं सासूला नेलं.

मॅडमचं नाव नीलिमा. मेडशीची पोरगी, तिशीच्या आतली. तिनं कागद बाजूला ठेवला आणि आधी पट्टा सोडायला लावला.

"आजी, पह्यले तीन गोष्टी सांगा. घोड्यावर बसलं तं खोगीर जिथं लागते, त्या जागी बधिर लागते का? लघवी लागली थे कयते का, अन गेल्यावर साफ होते का? चालताना पायाचा पंजा ढिला पडते का?"

मनकर्णाबाईनं सुनेकडं पाहिलं. "हे काय इचारनं झालं, पोरी?"

"सुनेले बाहेर पाठवू?"

"राहू दे. तिच्यापासून आता काय लपलं." मग ती विचार करून म्हणाली, "नाई. तिन्हीतलं काईच नाई. नुसतं दुखते."

"मंग ह्या कागदाले भ्यायचं काम नाई." नीलिमानं आता कुठं रिपोर्ट उघडला. "ह्यात काय-काय वाचलं तुमी?"

"गॅप पडला," मनकर्णाबाई म्हणाली. "अन अधःपतन."

नीलिमा हसली नाही. तिनं कागद ज्योत्स्नापुढं धरला. "गॅप शब्द कुठं हाय, दाखवा मले."

ज्योत्स्नानं दोन्ही पानं शोधली. नव्हता.

"नाईच हाय. दोन मनक्याच्या मधात गादी असते. कापसाची गादी चाळीस वर्षं वापरली तं काय होते? दबते. दबली का तिची कड जराशी बाहेर येते. थे बल्ज. गादी दबली म्हनून दोन मनके जवळ आले, त्यालेच लोक गॅप पडला म्हनतात. म्हंजे अंतर झालं कमी, अन भेव कायचं, तं मनके दूर-दूर सरकून निसटतीन ह्याचं. थे असे निसटत नसतात, आजी. चारी बाजूनं दोरखंडाईनं बांधले हायेत."

"अन थे वाया गेले म्हून लिहलं थे?"

"तुमचे केस काहून पांढरे झाले?"

"वय झालं, बाप्पा."

"मंग मनक्याचं वय नाई होत? तुमच्या वयाच्या दहा जनाइचा फोटो काढा, ज्याइची कंबर जल्मात दुखली नाई असे. आठ-नऊ जनाइच्या कागदावर हाच शब्द येते. केस पिकले म्हनून डोकं दुखते काय?" तिनं दुसरं पान उलटलं. "अन ही शेवटची ओळ. नस कुठंच दबलेली नाई, असं लिहलं हाय. हे वाचलं कोनी?"

 घरी ज्योत्स्नाचं वाचन पहिल्याच पानावर थांबलं होतं.

मनकर्णाबाई मात्र इतक्यात मानणारी नव्हती. "सगळं नीट हाय तं दुखते कायले? का मी ढोंग करून राह्यली?"

"दुखनं खरंच हाय. तुमच्या वावरात रातचा राखन कराले जागल्या असते का, रोह्याचे कळप हाकलाले?"

"असते ना."

"एका साली रोही आले, अर्धं सोयाबीन खाऊन गेले. मंग दुसऱ्या साली काय होते? पान हाललं तरी जागल्या बोंब मारते. बोंब खरी असते, पन रोही नसते. तुमच्या कंबरेचं तसंच झालं. तीन महिन्याच्या वर दुखनं राह्यलं का त्याले क्रॉनिक म्हनतात. क्रॉनिक म्हंजे भयानक नाई, जुनाट. जागलीवरचा मानूस लय सावध होऊन बसला."

"मंग त्याले काढून टाकावं?"

"काढलं तं खरे रोही आल्यावर कोन सांगन? त्याले रोज थोडं थोडं दाखवाचं. आज ओसरीपरेंत गेली, काई झालं नाई. उद्या मारुतीपरेंत गेली, काई झालं नाई. हळूहळू त्याचा आवाज बसते. बाजेवर पडून राह्यले तं त्याले वाटते, नक्कीच मोठी भानगड हाय."

मग नीलिमानं विचारलं की काय करता यायला पाहिजे. एरवी लोक सांगतात वावरात जायचंय, नातवाला उचलायचंय. मनकर्णाबाई म्हणाली, "एका पायावर उभं राहाचं हाय." आणि सगळं सांगितलं, हरिसिंगासकट.

नीलिमानं रिपोर्ट मिटून ठेवला. "आजी, खरं सांगू का? साधी उसण बहुतेक वेळा दहा-पंधरा रोजात आपोआपच जाते. पाय लावला तरी, नाई लावला तरी."

हे ऐकणं सोपं नव्हतं. मनकर्णाबाईनं पदर नीट केला, परत नीट केला.

"पन तुमचा पाय सांगते 'होईन बरं', अन मानूस उठून कामाले लागते," नीलिमा पुढं म्हणाली. "थे मोठं काम हाय. तुमच्या कंबरेले असं सांगनारं कोनी भेटलं नाई, म्हनून तुमी बाज धरली. फक्त आता एक करा. मी इचारले थे तीन सवाल इचारल्याबिगर पाय उचलू नका."

उन्हाळाभर मनकर्णाबाई चालली. आधी ओसरी ते नळ, मग मारुती, मग वावराचा धुरा, म्हणजे बांध. कंबर बोंबलायची. "चूप रे, कोनी नाई आलं," ती मोठ्यानं म्हणायची, आणि धुऱ्यावरचे गडी एकमेकांकडं पाहायचे. पट्टा विनोदनं जीपच्या टपावरचं सामान बांधायला नेला. भिंत धरून एका पायावर उभं राहायचं, दहा अंक मोजायचे. ज्योत्स्ना मोजायची आणि मुद्दाम हळू मोजायची.

"सातानंतर आठ येते, का तुह्या शाळेत येगळं शिकवलं?" सासू थरथरत विचारायची.

पोळ्याला आठ दिवस राहिले असताना एका सकाळी पंजाबराव आला. त्याच गल्लीतला, पन्नाशीचा, पोती उचलणारा गडी. विनोदनं आणि आणखी एकानं त्याला धरून आणलं होतं. तो ओसरीवर पालथा पडला. पायाळू परत उभी राहते का ते पाहायला चार-सहा लोक रस्त्यावर थांबले.

मनकर्णाबाई उभी राहिली. भिंतीला हात लावला नाही. डावा पाय उचलला, आणि उजवा हलला नाही. दारात ज्योत्स्ना मनात अंक मोजू लागली. पाय पंजाबरावच्या कंबरेवर वीतभर उंचीवर होता, तेव्हा ती बोलली. पाय लावताना बोलायचं नसतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"पंजाबराव, चालताना पायाचा पंजा ढिला पडते का?"

"पडते वयनी. लावा लवकर."

"बसाच्या जागी बधिर लागते का?"

पंजाबरावनं कपाळ ओसरीला टेकवलं.

"लघवी होते का?"

रस्त्यावर कोणीतरी खाकरलं. पंजाबराव जमिनीकडं तोंड करून म्हणाला, "वयनी, हे काय चारचौघात इचारता?"

"तुमच्या आंगाचं इचारून राह्यली, जायदादीचं नाई. सांगा."

"कालपासून..." त्याचा आवाज बारीक झाला. "फुगल्यावानी वाटते, पन होत नाई. अन खालचं चामडं जसं माहं नाईच."

मनकर्णाबाईनं पाय जमिनीवर ठेवला.

"विनोद, जीप लाव."

"वयनी, पाय लावून तं जाऊ द्या. त्याच्यासाठीच आलो ना."

"आज नाई लावत."

"तिचा पायच गेला," रस्त्यावरून एक जण म्हणाला, हळू, पण ऐकू येईल एवढ्यानं. मनकर्णाबाईनं ते ऐकलं. पाय आहे हे दाखवायला एक क्षण पुरला असता, आणि पाय लागला असता तर पंजाबराव समाधानानं घरी जाऊन निजला असता. तिनं चपला घातल्या.

"आत्याबाई, तुमी कुठं?" ज्योत्स्ना म्हणाली. "रस्ता पाह्यला ना तुमी?"

"हा मानूस तिथं लाजन अन नुसतं कंबर दुखते म्हनून सांगन. सांगाले मी पायजे."

वाशीमपर्यंतच्या रस्त्यात जीपनं एक खड्डा सोडला नाही. दवाखान्यात पंजाबराव खरंच म्हणाला, "कंबर दुखते." मनकर्णाबाईनं त्याला मागं सारलं आणि तिन्ही उत्तरं ओळीनं सांगितली. लिहून घेणाऱ्या तरुण डॉक्टरचा पेन थांबला.

"तुम्ही नर्स होत्या का, आजी?"

"नाई. माही बी कंबर दुखते."

दुपारच्या आत पंजाबरावला अकोल्याला हलवलं आणि त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. त्याची गादी नुसती दबली नव्हती, फुटून शेपटासारख्या नसांच्या जुडग्यावर बसली होती. आणखी उशीर झाला असता तर लघवी आणि पाय दोन्ही परत येणं अवघड होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या पोराला सांगितलं.

दीड महिन्यानं पंजाबराव काठी टेकत वावराकडं आला. सोंगणी चालू होती. मनकर्णाबाई अर्धी ओळ सोंगायची, उभी राहून कंबर मागं झुकवायची, परत वाकायची. दुखत होतंच. संध्याकाळी जास्त दुखायचं.

"वयनी, लघवीची नळी निघाली," तो बांधावरून म्हणाला. "आता आपलं आपुन होते."

"एवढ्या जोरानं कायले सांगता? परल्या वावरात बाया हायेत."

"तुमीच तं शिकवलं चारचौघात बोलाले."

पलीकडच्या त्या वावरातून हसू आलं. त्यातली एक बाई विळा कमरेला खोचून धुऱ्यापर्यंत आली. पंधरा दिवसांपासून तिच्या कंबरेत भरलं होतं, उद्या सकाळी येऊ का, म्हणाली.

"सकाळी कायले? आत्ताच ये," मनकर्णाबाई म्हणाली आणि बांधावर तिच्यासाठी जागा केली. "बस. आधी मले तीन गोष्टी सांग. अन पंजाबराव, तुमी जरा तिकडं तोंड करा."